चकाकी जायच्या आत

शबनम, डॉक्टर अकरावर बसतात, आपण तीनवर.
हे घड्याळ भिंतीवरचं नाही,
पेशंटच्या तोंडाभोवतीचं. डोकं बारावर.
एवढं कळलं की निम्मं काम कळलं.
उरलेलं निम्मं हाताला कळतं, ते मला सांगता येत नाही.

तरी सांगते.
पावडरची बाटली आधी हलवायची. चमचा सपाट.
थेंब टाकताना बाटली उभी धर, तिरकी नको,
बुडबुडा पडला की थेंब अर्धाच निघतो.
प्लास्टिकचा स्पॅच्युला घे, स्टीलने सिमेंट काळवंडतं.
पुरणासारखं घोटायचं नाही. घडी घालायची.
अर्धं मिनिट.
मग त्यात वरची ट्यूबलाइट दिसते.
ट्यूबलाइट दिसेनाशी झाली की टाकून दे,
डॉक्टर कितीही घाईत असू देत.
चकाकी गेलेलं सिमेंट दाताला धरत नाही.

मी लागले तेव्हा चांदी खलात घोटायची.
हाच दवाखाना, गुलटेकडी, हाच जिना,
खालून मार्केट यार्डातला कांदा
आणि वरून लवंगेचं तेल, मधल्या पायरीवर भेटायचे.
काचेचा खल, अकरावीत सुटलेलं कॉलेज, आणि पारा.
हर्डीकर डॉक्टर म्हणायचे, कापडात पिळताना ऐक,
कुरकुरली पाहिजे, नव्या चपलेसारखी.
उरलेला पारा पाण्याच्या बरणीत.
बरणी फडताळात. पुढचं कुणी विचारलं नाही.

गुरुवारी तू सुट्टीवर होतीस.
ज्ञानोबा ढेबे आले होते. पूर्वी हमाली करायचे,
आता पोरगा गाळ्यावर बसतो.
उजवीकडची वरची दाढ ठणकत होती.
मी सक्शन लावलं, गाल ओढला,
आणि खालच्या दाढेत ती.
काळपट, पाटीसारखी गुळगुळीत,
मधोमध एक जास्तीची घळ. गरज नसताना.
हर्डीकरांची सवय.
पाकिटावरचं अक्षर ओळखावं तशी ओळखली.
त्यांना जाऊन आठ वर्षं झाली.

ऋजुता मॅडमनी प्रोबचं टोक कडेवरून फिरवलं.
अडकलं नाही.
म्हणाल्या, हीसुद्धा काढून पांढरी करू या का?
ढेब्यांचं तोंड उघडंच. नुसतं बोट हलवलं.
मग चूळ भरून म्हणाले,
'हिच्यावर सुपाऱ्या फोडल्यात, बाई. राहू द्या.'
आणि माझ्याकडे बघून,
टोपी, मास्क, चष्मा, नुसते डोळे उरलेले मी,
'तेव्हा तुमच्या बांगड्या ट्रेवर वाजायच्या.'

आता बांगड्यांना मनाई आहे.
तुझी अंगठीही काढून ठेव, हातमोजा फाटतो.

वरच्या दाढेत पांढरी भरली. त्याचं असं,
निळं जेल पंधरा सेकंद, मग पाणी, मग हलकी हवा.
दात खडूसारखा दिसला पाहिजे.
त्या वेळी थुंकीचा एक थेंब लागला की सगळं पहिल्यापासून,
म्हणून कापसाची वळी भिजायच्या आत बदल.
सांगायची वाट बघू नको.
दोन-दोन मिलिमीटरचे थर, दर थराला वीस सेकंद लाइट,
नारिंगी काचेआडून बघायचं.
मशीन बीप करतं. मी तरी मनात मोजते.

शेवटी निळा कागद. चावा. घासा इकडेतिकडे.
ठिपका गडद उमटतो तिथे उंच आहे.
भूल उतरलेली नसते, पेशंट म्हणतो 'बरोबर आहे',
त्याचं ऐकू नको, ठिपक्याचं ऐक.

ढेबे पैसे देऊन गेले. मी ट्रे ऑटोक्लेव्हला लावला.
मनगटं धुतली, जरा जास्तच वेळ.
काढून ठेवलेल्या बांगड्या कुठल्या डब्यात आहेत
ते रात्री जेवणापर्यंत आठवेना.

चल. दोन चमचे, दोन थेंब.
मी आता बोलणार नाही.
ट्यूबलाइट बघ.